मक्याचे पीठ, रवा, स्टार्च आणि दाणे : घरच्या स्वयंपाकातील वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मक्याचे पदार्थ बिघडतात तेव्हा दोष बहुधा करणाऱ्याच्या हाताचा नसतो. एक तर पाकिटातली वस्तू त्या पाककृतीची नसते, नाही तर मक्याला पुरेसे पाणी आणि पुरेसा वेळ मिळालेला नसतो. पुढील बहुतेक उत्तरे फिरून याच दोन कारणांपाशी येतात.

मक्याचे पीठ, मक्याचा रवा आणि कॉर्नफ्लोअर यांत नेमका फरक काय?

मक्याच्या दाण्याचे स्वयंपाकाच्या दृष्टीने तीन भाग असतात. बाहेरची चिवट साल, आतला पिठूळ गर आणि टोकाकडचा अंकुर. वाळलेल्या दाण्याच्या वजनात गराचा वाटा सुमारे ८२ टक्के, अंकुराचा ११ टक्क्यांच्या आसपास आणि सालीचा पाच-सहा टक्के असतो. या तिघांपैकी काय ठेवले, काय काढले आणि किती बारीक दळले, यावरून पाकिटावरचे नाव ठरते.

दाणे भरड दळले की मक्याचा रवा मिळतो. तो जाड, मध्यम आणि बारीक अशा प्रतींत येतो आणि बोटांना कणी स्पष्ट लागते. हेच दळण आणखी बारीक केले की मक्याचे पीठ होते, आणि त्याला दाण्याचा रंग, वास व किंचित गोडी असते. कॉर्नफ्लोअर या नावाने विकली जाणारी पांढरीशुभ्र पूड मात्र बहुतेक वेळा पीठ नसतेच. दाणे भिजवून, दळून, त्यातील साल, अंकुर आणि प्रथिने धुऊन वेगळी काढल्यावर जो निव्वळ स्टार्च उरतो तो म्हणजे ही पूड. मक्यापासून स्टार्च वेगळा काढण्याची पद्धत थॉमस किंग्जफर्ड यांनी १८४२ मध्ये अमेरिकेत बसवली, आणि सुरुवातीला तो प्रामुख्याने कपड्यांना खळ देण्यासाठी वापरला जाई. स्वयंपाकघरात त्याने नंतर प्रवेश केला.

गोंधळाचे मूळ इंग्रजी भाषेत आहे. ब्रिटिश वापरात कॉर्नफ्लोअर म्हणजे स्टार्च आणि अमेरिकन वापरात कॉर्नफ्लोअर म्हणजे बारीक दळलेले पीठ. म्हणून पाककृती कोणत्या देशातल्या लेखकाची आहे हे पाहणे गरजेचे ठरते. ते कळत नसेल तर प्रमाणावरून अंदाज बांधावा. एक-दोन चमचे सांगितले असेल तर स्टार्च, आणि वाटीभर सांगितले असेल तर बहुधा पीठ किंवा रवा.

पाकिटावरचे नाव संदिग्ध असेल तर घरी कसे ओळखावे?

चिमूटभर पूड बोटांत चोळून पाहावी. स्टार्च अतिशय मऊ असतो आणि दाबल्यावर नवीन खडूसारखा किंवा पायाखालच्या भुसभुशीत हिमासारखा करकरतो. पीठ करकरत नाही आणि बोटांना किंचित खरखरीत लागते. दुसरी खूण पाण्याची आहे. दोन चमचे स्टार्चमध्ये एक चमचा थंड पाणी घातले की असे विचित्र मिश्रण होते, जे चमच्याने जोरात ढवळू गेल्यास घट्ट होते आणि सोडून दिल्यास ओघळते. पिठाचे तसे होत नाही, त्याचा साधा लगदा होतो.

ही परीक्षा मी एका फसलेल्या ब्रेडनंतर करू लागलो. घाईत डब्यावरची चिठ्ठी न वाचता रव्याच्या जागी दीड वाटी स्टार्च घातला गेला, आणि ओव्हनमधून जे बाहेर आले ते वरून तडकलेले, आतून रबरासारखे आणि तोंडात घेताच खडूची आठवण करून देणारे होते. सुरी त्यात शिरताना करकरली, तेव्हाच चूक कळली.

एकाच्या जागी दुसरे वापरता येते का?

रवा आणि पीठ काही प्रमाणात एकमेकांची जागा घेऊ शकतात. जाड रवा मिक्सरमध्ये फिरवून चाळून घेतला की मध्यम किंवा बारीक होतो. पिठाचा रवा मात्र करता येत नाही. स्टार्चच्या जागी पीठ घातल्यास सॉस दाट होईल, पण गढूळ दिसेल आणि मक्याची चव लागेल. पीठ किंवा रवा यांच्या जागी स्टार्च कधीच चालत नाही.

मक्याच्या पिठाची भाकरी थापताना तुटते. काय चुकते?

गव्हाच्या पिठात ग्लुटेन असते आणि ते मळताना ताणले जाणारे जाळे तयार करते. मक्यात झेइन नावाचे प्रथिन असते, पण ते थंड पाण्यात असे जाळे करत नाही. त्यामुळे मक्याच्या पिठाला बांधून ठेवण्याचे काम स्टार्चलाच करावे लागते, आणि स्टार्च चिकट होण्यासाठी त्याला पाणी आणि उष्णता दोन्ही लागतात. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सियसच्या दरम्यान फुगून चिकट होऊ लागतो. नळाच्या पाण्यात कितीही मळले तरी ते तापमान येत नाही, आणि म्हणून भाकरी कडेने फाटते.

उपाय म्हणजे उकड. एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी पाणी मीठ घालून खळखळ उकळावे, त्यात पीठ एकदम घालून गॅस बंद करावा, उलथन्याच्या दांड्याने कालवावे आणि झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे. हात सोसेल इतके कोमट झाले की पाण्याचा हात लावत किमान पाच मिनिटे तळहाताच्या टाचेने रगडून मळावे. पिठाच्या प्रतीनुसार पाणी कमी-जास्त लागते, म्हणून पाण्याच्या मापापेक्षा गोळ्याकडे लक्ष द्यावे. लिंबाएवढा गोळा घेऊन तळहातावर दाबावा. कडेला बारीक भेगा पडल्या तर पाणी कमी आहे, हाताला चिकटून सुटेना तर जास्त झाले आहे, आणि कड गुळगुळीत राहून वर बोटांचे ठसे स्पष्ट उमटले तर पीठ तयार आहे.

मळलेले पीठ थंड होऊ देऊ नये, कारण गार झाल्यावर स्टार्च पुन्हा आखडतो आणि गोळा तडकतो. उरलेले गोळे ओल्या फडक्याखाली ठेवावेत. थापण्याची सवय नसेल तर प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा ठेवून सपाट बुडाच्या भांड्याने दाबावा. यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही.

पीठ जुने असेल तर मात्र उकडही पूर्ण यश देत नाही.

निक्स्टमल म्हणजे काय, आणि त्याने इतका फरक का पडतो?

वाळलेला मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून, त्यातच रात्रभर भिजत ठेवून, मग धुऊन दळण्याच्या प्रक्रियेला निक्स्टमलीकरण म्हणतात. हा शब्द मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतून आला आहे. त्या भाषेत नेक्स्तली म्हणजे राख आणि तमाली म्हणजे मक्याच्या कणकेचा पदार्थ. मका माणसाळवला गेला तो सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात, तेओसिन्ते या रानटी गवतापासून, आणि हा धान्यसंस्कारही त्याच प्रदेशात घडला.

चुन्याचे अल्कलीयुक्त पाणी दाण्याच्या सालीला बांधून ठेवणारे हेमिसेल्युलोज विरघळवते, त्यामुळे साल सुटते. स्टार्चचा काही भाग शिजून चिकट होतो आणि चुन्यातील कॅल्शियम पीठ बांधून ठेवायला मदत करते. परिणामी अशा मक्याची ओली कणीक, जिला मासा म्हणतात, उकड न काढताही पातळ लाटता किंवा दाबता येते. तॉर्तिया ही मेक्सिकोतील पातळ भाकरी याच कणकेची होते. तिचा ओल्या मातीसारखा, किंचित खनिज वास साध्या मक्याच्या पिठाला कधीच येत नाही.

पोषणाचा भाग याहून महत्त्वाचा आहे. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व अशा बद्ध रूपात असते की नुसते शिजवून ते शरीराला फारसे मिळत नाही. चुन्याच्या पाण्याने ते मोकळे होते. युरोपात मका गेला, पण हा संस्कार त्याच्याबरोबर गेला नाही. गरिबांच्या ताटात मक्याखेरीज फारसे काही उरले नाही तिथे पेलाग्रा हा रोग पसरला. गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये स्पेनमध्ये त्याची लक्षणे नोंदवली. इटलीत फ्रांचेस्को फ्रापोली यांनी १७७१ मध्ये पेलाग्रा हे नाव वापरले, ज्याचा अर्थ खरखरीत कातडी असा होतो. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून केलेल्या कामातून हा रोग संसर्गाचा नसून आहारातील कमतरतेचा आहे हे दाखवून दिले, आणि १९३७ मध्ये कॉनरॅड एल्वेहजेम यांनी नायसिनचा त्याच्याशी असलेला संबंध सिद्ध केला. विविध आहार घेणाऱ्याने साध्या मक्याचे पदार्थ निर्धास्तपणे खावेत. धोका होता तो वर्षानुवर्षे जवळजवळ केवळ मक्यावर जगणाऱ्यांना.

हे घरी करता येते का?

येते. अर्धा किलो वाळलेले, कठीण, न भाजलेले दाणे, दीड लिटर पाणी आणि पाच ग्रॅम, म्हणजे दाण्यांच्या वजनाच्या एक टक्का, खाद्य प्रतीचा विरलेला चुना एवढे साहित्य पुरते. कळीचा चुना कदापि वापरू नये, कारण तो पाण्यात पडताच अतिशय उष्णता सोडतो आणि भाजतो. भांडे स्टीलचे घ्यावे, कारण अल्युमिनियमवर अल्कलीचा परिणाम होतो. चुना आधी पाण्यात विरघळवून मग दाणे घालावेत आणि मंद आचेवर २० ते ४० मिनिटे शिजवावे.

थांबायचे केव्हा हे दाणाच सांगतो. एक दाणा बाहेर काढून अंगठा आणि तर्जनीत चोळावा. साल जेलीसारखी ओघळून निघाली आणि दाणा दातांनी तोडल्यावर मध्यभागी अजून खडूसारखा पांढरा ठिपका दिसला की गॅस बंद करावा. दाणे त्याच पाण्यात आठ ते बारा तास झाकून ठेवावेत, मग दोन-तीन पाण्यांनी धुवावेत. साल अगदी पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये, कारण थोडी साल राहिली तर कणीक अधिक लवचीक होते. चुन्याचे पाणी हाताळताना हातमोजे घालावेत.

खरी अडचण दळणाची आहे. घरगुती मिक्सरला जास्त पाणी घातल्याशिवाय हे दाणे वाटता येत नाहीत आणि जास्त पाण्याने कणीक सैल होते. ओले धान्य दळणारे हातयंत्र असेल तर उत्तम. नसेल तर मिक्सरमध्ये थोडे थोडे वाटून, सैल झालेल्या कणकेत थोडे कोरडे मासा पीठ मिसळावे. याला कोणी लबाडी म्हणेल, पण पोटाला फरक कळत नाही.

मासा आरिना आणि आरेपाचे पीठ एकच आहे का?

नाही. मासा आरिना म्हणजे निक्स्टमल केलेली कणीक वाळवून केलेले पीठ. दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी कोमट पाणी घालून, मळून, झाकून २० मिनिटे ठेवले की ती कणीक पुन्हा जिवंत होते. आरेपाचे पीठ मात्र चुन्याविना, आधीच वाफवून व सपाट करून दळलेल्या मक्याचे असते. व्हेनेझुएला आणि कोलंबियात त्याची आरेपा ही जाड भाकरी करतात. एकाची तॉर्तिया आणि दुसऱ्याचा आरेपा अशी अदलाबदल केल्यास चव आणि पोत दोन्ही हुकतात. साधे मक्याचे पीठ या दोघांचीही जागा घेऊ शकत नाही, कारण ते कच्चे असते.

पोलेन्टासाठी पाण्याचे प्रमाण किती, आणि गुठळ्या कशा टाळाव्यात?

इटलीतील पोलेन्टा, रुमानियातील मामालिगा, पूर्व आफ्रिकेतील उगाली हे सारे मक्याचा रवा किंवा पीठ पाण्यात शिजवण्याचेच प्रकार आहेत. फरक दळणाचा आणि घट्टपणाचा आहे. मऊ, वाढताना पसरणारा पोलेन्टा हवा असेल तर एक वाटी रव्याला पाच वाट्या पाणी घ्यावे, आणि थापून वड्या पाडायच्या असतील तर चार. यापेक्षा कमी पाणी सांगणाऱ्या पाककृतीत रवा शिजत नाही, नुसता फुगतो, आणि खाताना दाताखाली वाळू आल्यासारखे वाटते.

आधणाला उकळी आली की मीठ घालावे, आच कमी करावी आणि एका हाताने रवा वैरत दुसऱ्या हाताने फेटणीने सतत ढवळावे. मूठ उंच धरून बोटांच्या फटींतून रवा पावसासारखा पडू द्यावा. एकदम ओतला तर बाहेरचे कण लगेच फुगून आतल्या कोरड्या रव्याभोवती कवच करतात, आणि अशी गुठळी पुढे कितीही शिजवली तरी आतून कोरडीच राहते. सर्वांत बिनधोक मार्ग म्हणजे रवा आधी थंड पाण्यात कालवून मग गॅसवर ठेवणे. चवीत काही फरक पडत नाही.

सुरुवातीची पाच मिनिटे मिश्रण पाण्यासारखे दिसते आणि प्रमाण चुकल्याची भीती वाटते. मग ते आळू लागते, त्याचे बुडबुडे जड होतात आणि ज्वालामुखीसारखे फुटून मनगटावर उडतात. यावेळी लांब दांड्याची पळी घ्यावी आणि आच अगदी मंद करावी. बरेच जण इथेच थांबतात, कारण दिसायला पदार्थ झालेला असतो. जाड रव्याला एकूण ३५ ते ४५ मिनिटे लागतात. वीस मिनिटांनी आणि चाळीस मिनिटांनी अर्धा अर्धा चमचा चाखून पाहावा. पहिल्यात कच्च्या धान्याचा वास आणि कणी असते, दुसऱ्यात कण असतात पण जिभेने दाबताच विरघळतात आणि मक्याची गोडी वर येते.

इतका वेळ सतत ढवळत राहावे लागते का?

लागत नाही. पहिली काही मिनिटे सोडली तर झाकण ठेवून दर पाच-सात मिनिटांनी बुडापासून एकदा ढवळणे पुरते. जाड बुडाचे भांडे मात्र हवे. रवा रात्रभर पाण्यात भिजवून ठेवला तर वेळ बराच कमी होतो, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यानेही कण लवकर मऊ होतात, कारण सोडा अल्कली असून कणांच्या पेशीभित्ती सैल करतो. सोडा चिमटीपेक्षा जास्त झाला तर साबणासारखी चव येते. पाकिटावर झटपट असे लिहिलेला रवा आधीच शिजवून वाळवलेला असतो. तो तीन-पाच मिनिटांत होतो, आणि घाईच्या दिवशी त्याला नावे ठेवू नयेत, पण चवीची तुलना होऊ शकत नाही.

मक्याचा ब्रेड कोरडा आणि भुसभुशीत का होतो?

कण आधी भिजलेले नसतात, म्हणून ते भाजताना मिश्रणातले पाणी ओढून घेतात. रवा ताकात किंवा दुधात अर्धा तास भिजवून मग बाकीचे साहित्य घालावे. निव्वळ मक्याच्या ब्रेडला बांधणी अंड्याची असते, त्यामुळे अंडे वगळायचे असेल तर निम्मा मैदा किंवा कणीक घ्यावी. भिजवताना ताक वापरले असेल तर प्रत्येक २४० मिलिलिटर ताकाला अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो. ताक नसेल तर आंबटपणाअभावी सोडा कामाचा नाही, बेकिंग पावडर लागेल.

भांडे आधी ओव्हनमध्ये तापवून, त्यात तेल किंवा लोणी घालून मग मिश्रण ओतले की कडा लगेच चर्रर आवाज करून खरपूस होतात. तापमान २०० ते २२० अंश असावे. हा ब्रेड ताजाच खावा, दुसऱ्या दिवशी तो हमखास कोरडा होतो.

कॉर्नफ्लोअर घातलेला सॉस आधी दाट झाला आणि नंतर पातळ का झाला?

याची चार कारणे संभवतात, आणि ती वेगवेगळी ओळखावी लागतात.

पहिले म्हणजे तो पुरेसा तापलाच नसेल. स्टार्च ६२ अंशांपासून फुगू लागतो, पण त्याचा पूर्ण दाटपणा ९५ अंशांच्या आसपास येतो. उकळी येऊन एक मिनिट झाल्याशिवाय दाटपणाचा निवाडा करू नये, आणि कच्ची, पिठूळ चवही तेव्हाच जाते. दुसरे, दाट झाल्यावर तो फार वेळ उकळला किंवा फेटणीने जोरात ढवळला असेल. फुगलेले स्टार्चचे कण हे पाण्याने भरलेल्या नाजूक पिशव्यांसारखे असतात आणि ते फुटले की दाटपणा जातो. तिसरे, लिंबू किंवा व्हिनेगर आधीच घालून शिजवले असेल. आम्ल स्टार्चच्या साखळ्या तोडते, म्हणून आंबट पदार्थ गॅस बंद करताना घालावा.

चौथे कारण कस्टर्ड करणाऱ्यांना छळते. अंड्याच्या बलकात अमायलेज हे विकर (एन्झाइम) असते आणि ते स्टार्च पचवते. रात्री छान आळलेले कस्टर्ड फ्रीजमध्ये ठेवावे आणि सकाळी त्याचे पातळ दूध झालेले दिसावे, असा अनुभव अनेकांना येतो. बलक घातल्यावर मिश्रणाला स्पष्ट बुडबुडे येईपर्यंत आणि त्यानंतर आणखी एक मिनिट शिजवले तर विकर निकामी होते. स्टार्च असलेल्या कस्टर्डला अंडी फुटण्याची भीती कमी असते, त्यामुळे उकळी यायला घाबरू नये.

प्रमाणाविषयी बोलायचे तर २४० मिलिलिटर द्रवाला एक मोठा सपाट चमचा, म्हणजे सुमारे आठ ग्रॅम स्टार्च मध्यम दाटपणा देतो. मैदा वापरायचा असल्यास त्याच्या दुप्पट लागतो. स्टार्च नेहमी दुप्पट थंड पाण्यात कालवून घालावा. घालण्याआधी पुन्हा ढवळावा, कारण तो दोन मिनिटांत तळाशी घट्ट बसतो. असा सॉस गोठवून ठेवू नये. वितळल्यावर तो स्पंजसारखा होतो आणि पाणी सोडतो.

तळणीच्या आवरणात कॉर्नफ्लोअर का घालतात?

त्यात ग्लुटेन आणि प्रथिने जवळजवळ नसतात, म्हणून आवरण चिवट न होता चुरचुरीत होते. नुसता स्टार्च मात्र फिकट राहतो. रंग हवा असेल तर मैदा निम्मा ठेवावा. मक्याचे पीठ किंवा बारीक रवा लावल्यास रंग आणि चव दोन्ही येतात, पण आवरण जाडसर आणि कणीदार होते.

ताजी कणसे किती वेळ उकडावीत, आणि ती घरी आणल्यावर बेचव का होतात?

कणीस खुडल्यापासून दाण्यातील साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर सुरू होते आणि उष्णतेत ते वेगाने होते. त्यामुळे स्वीट कॉर्न न सोलता फ्रीजमध्ये ठेवावे आणि शक्यतो त्याच दिवशी वापरावे. अतिगोड वाणांत हे रूपांतर एका जनुकामुळे मंदावलेले असते आणि ते काही दिवस गोड राहतात. अमेरिकेत जॉन लॉघनन यांनी १९५० च्या दशकात या गुणाचा उपयोग ओळखला.

स्वीट कॉर्नला उकळत्या पाण्यात तीन ते पाच मिनिटे खूप झाली. पिठूळ देशी कणसाला अर्थातच जास्त वेळ लागतो. दाणे सुरीने काढल्यावर बुरकुंडावरून सुरीची पाठ ओढावी. निघणारा दुधाळ रस त्याच्याच स्टार्चने सूप दाट करतो, आणि बुरकुंडे पाण्यात अर्धा तास उकळली की सूपासाठी गोडसर पाणी मिळते. ती टाकून देणे म्हणजे निम्मी चव कचऱ्यात टाकणे होय.

पिवळा, पांढरा आणि निळा मका यांत स्वयंपाकाच्या दृष्टीने फरक आहे का?

पिवळ्या मक्यात ल्युटीन, झियाझँथिन आणि बीटा कॅरोटीन ही रंगद्रव्ये असतात, पांढऱ्यात ती जवळजवळ नसतात. चवीत फरक सूक्ष्म आहे, दळण आणि ताजेपणा याहून कितीतरी जास्त फरक पाडतात. निळ्या मक्याचा रंग अँथोसायनिन या आम्ल-अल्कलीनुसार रंग बदलणाऱ्या द्रव्याचा असतो, म्हणून आंबट पदार्थात तो लालसर आणि सोड्याच्या संगतीने हिरवट-निळा होतो. निळ्या पिठाचा केक ताकात भिजवून जांभळट झाला तर पीठ खराब नाही.

मक्याच्या लाह्यांत गणंग फार उरतात. उपाय आहे का?

लाह्यांच्या दाण्यात सुमारे १४ टक्के ओलावा असतो. दाणा १८० अंशांच्या आसपास तापला की आतल्या पाण्याच्या वाफेचा दाब कठीण साल सहन करू शकत नाही, साल फुटते आणि वितळलेला स्टार्च क्षणात फुलून गोठतो. दाणे सुकले असतील तर वाफच पुरेशी तयार होत नाही. तीन वाट्या दाण्यांना एक मोठा चमचा पाणी घालून बरणी बंद करावी, दिवसातून एकदोनदा हलवावी आणि तीन-चार दिवसांनी थोडे दाणे फोडून पाहावेत. फोडताना झाकण किंचित फटीने ठेवावे, नाही तर वाफ कोंडून लाह्या चिवट होतात. साध्या मक्याचे दाणे या रीतीने फुलत नाहीत, त्यांची साल वाफ धरून ठेवण्याइतकी घट्ट नसते.

पीठ आणि रवा किती दिवस टिकतात?

अंकुर काढलेला रवा हवाबंद डब्यात वर्षभर टिकतो. अंकुरासह दळलेले पीठ चवीला सरस, पण मक्याचे बहुतेक तेल अंकुरातच असल्याने ते लवकर खवट होते. ते फ्रीजमध्ये ठेवावे आणि काही महिन्यांत संपवावे. वास घेऊन पाहावा. ताज्या पिठाला गोडसर, गवताळ वास असतो, खवट पिठाला जुन्या रंगाच्या डब्यासारखा. नव्याने आणलेले पीठ चार दिवस उणे १८ अंशांत ठेवल्यास त्यातील सोंड्यांची अंडीही मरतात.

बुरशी आलेले दाणे धुऊन वापरता येतात का?

नाही. मक्यावरील काही बुरश्या अफ्लाटॉक्सिनसारखी विषे तयार करतात आणि ती घरच्या शिजवण्याने नष्ट होत नाहीत. हिरवट, काळपट किंवा कुबट वासाचे दाणे निवडत बसू नये, ती पिशवीच टाकून द्यावी.

ग्लुटेन न चालणाऱ्यांना मका चालतो का?

मक्यात गव्हासारखे ग्लुटेन नसते, त्यामुळे सिलिअॅक रोग असणाऱ्यांना तो सामान्यतः चालतो. मात्र त्याच गिरणीत गहू दळला जात असेल तर पिठात गव्हाचा अंश येतो, म्हणून ग्लुटेनमुक्त असे स्पष्ट लिहिलेले पाकीट घ्यावे. क्वचित काहींना मक्याचीच अॅलर्जी असते. तो प्रश्न वेगळा आहे आणि डॉक्टरांकडे नेण्याचा आहे.

कॉर्न सिरप घरच्या मिठाईत कशासाठी घालतात?

कॉर्न सिरप म्हणजे मक्याच्या स्टार्चपासून केलेला गोड पाक. तो घालतात ते साखरेचा पाक स्फटिकरूप होऊन रवाळ होऊ नये म्हणून. साखरेच्या पाकात थोडा लिंबाचा रस घालून उकळल्याने बरेचसे तेच काम होते, म्हणून मुद्दाम आणण्याची गरज नाही.

शिजवलेला रवा उरला तर काय करावे?

तो गरम असतानाच तेल लावलेल्या ताटात बोटभर जाडीचा थापावा. थंड झाल्यावर तो आपोआप घट्ट होतो, कारण गार होताना स्टार्च पुन्हा बांधला जातो. फ्रीजमध्ये तीन दिवस राहतो. वड्या कापून, फडक्याने कोरड्या टिपून, तव्यावर तेल चांगले तापल्यावर ठेवाव्यात आणि किमान पाच मिनिटे हात लावू नये. लवकर उलटल्यास पापुद्रा तव्यालाच राहतो. कडा गडद सोनेरी दिसू लागल्या आणि उलथने सहज खाली शिरले की वडी सुटलेली असते.